पिंपातला बाऊ

आमच्या चाळीत नळाला पाणी येते सकाळी साडेसहा ते साडेसात. त्या एका तासात घरात काय धावपळ असते, हे ज्यांना पिंपे भरावी लागतात त्यांना वेगळे सांगायला नको. दोन पिंपे, चार हंडे, पिण्याची कळशी, मुलाचा आणि सूनबाईचा डबा, आणि त्यातच नातीची आंघोळ. मुलगा कारखान्यात पाळीवर जातो, सूनबाई पॅकिंगच्या कामाला जाते. तेव्हा आमची छकुली दिवसभर माझ्याच कडेवर.

ही गोष्ट २०२४ च्या नोव्हेंबरातली. छकुली तेव्हा तेरा महिन्यांची होती. आधी मी तिला पायावर घेऊन न्हाऊ घालायची. मग ती उभी राहू लागली, तशी मोरीत पाटावर उभी करून आंघोळ घालू लागले. ती पाण्याला कधीच घाबरली नव्हती. अंगावर धार पडली की खिदळायची. त्या दिवशी नळ जायची वेळ झाली होती, हंडा भरून वाहू लागला होता. माझे एक डोळे नळाकडे, दुसरे तिच्याकडे. घाईघाईत मी तांब्या समोरून, थेट तिच्या तोंडावर ओतला. तिचे तोंड हसायला उघडलेले होते. पाणी नाकातोंडात गेले. क्षणभर तिचा श्वासच अडकला. मी तिला उचलून खांद्यावर घेतले. ती खोकली आणि मग मोठ्याने रडली. ती रडली तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

बाळाला काही झाले नाही. पण दुसऱ्या दिवसापासून बादली दिसली की ती अंग ताठ करायची. तांब्याचा आवाज आला की माझ्या खांद्यात तोंड खुपसायची. मोरीच्या दारातूनच रडणे सुरू. पंधरा दिवस आम्ही तिला ओल्या फडक्याने नुसते पुसून काढले.

चाळीत सल्ला द्यायला माणसे कमी नसतात. एक म्हणाली, "दृष्ट लागली आहे, मीठमोहरी ओवाळून टाक." मी म्हटले, बाई, आमच्या घरात हे माझ्या सासऱ्यांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून बंद आहे. दुसरी म्हणाली, "धरून दोन तांबे ओत. दोन दिवस रडेल, मग आपोआप सवय होईल." हे मात्र मी करून पाहिले, खोटे कशाला सांगू? पोर असे काही किंचाळली की शेजारची माणसे दारात आली. सूनबाई बोलली काही नाही, पण तिने मुलीला माझ्या हातातून काढून घेतले. ते माझ्या मनाला फार लागले.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी छकुली जमिनीवर खेळत होती. खेळता खेळता पिंपाजवळ गेली, थांबली, मागे सरकली आणि बोट दाखवून म्हणाली, "बाऊ. बाऊ."

मी चपापले. कारण तो बाऊ मीच त्या पिंपात घातला होता. ती रांगायला लागली तेव्हा पिंपाला धरून उभी राहायची, आत वाकून बघायची. मला भीती, कधी तोल गेला तर? म्हणून मी तिला सांगायची, "तिकडे जाऊ नको, पिंपात बाऊ आहे." दिवसातून दहा वेळा सांगायची. तांब्याने तिचा श्वास अडकला ते खरे, पण तिच्या मनात पाण्याविषयीची भीती त्याआधीच पेरून ठेवली होती. ती मीच पेरली होती.

आणि मला माझी आई आठवली.

माझे माहेर महाड तालुक्यातले. आमची वाडी गावाबाहेर, नदीच्या खालच्या अंगाला. वरच्या अंगाला गावाचा पाणवठा, खालच्या अंगाला आमचा. अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ साली झाला होता, पण तो कायदा आमच्या नदीपर्यंत पोचायला फार वर्षे लागली. आई आम्हां पोरांना सांगायची, "वरच्या डोहाकडे जायचं नाही. तिथं गिऱ्हा आहे. पाय धरून आत ओढतो." कोकणातल्या बहिणींना गिऱ्हा ठाऊक असेल. पाण्यातले भूत म्हणतात त्याला.

मी सात वर्षांची असताना, १९७० च्या सुमारास, एकदा बोरे गोळा करत वर गेले आणि पाण्यात पाय सोडून बसले. पाणी गार होते. मासोळ्या पायाला टोचत होत्या. गिऱ्हा काही आला नाही. आई मात्र आली. तिने मला ओढत घरी आणले आणि लाकडाने झोडपले. मारताना ती स्वतःच रडत होती. मला वाटले, आईला भुताची एवढी भीती! पुढे मोठी झाल्यावर उमगले की आईला भुताची भीती नव्हती, माणसांची होती. वरच्या पाण्याला आमचा पाय लागलेला कोणी पाहिला असता तर काय झाले असते, हे तिला माहीत होते. सात वर्षांच्या पोरीला ते कसे सांगायचे? म्हणून तिने गिऱ्हा उभा केला.

आईने मला जपले, यात शंका नाही. पण त्या दिवसापासून मी पाण्यात पाय घातला नाही. लग्न होऊन मुंबईकडे आले, मुले झाली, मुले मोठी झाली. मुलांना शाळेच्या सहलीत समुद्रावर न्यायचे असले तर मी नाही म्हणायची. आज माझा मुलगा पस्तिशीचा आहे, त्याला पोहता येत नाही. गिऱ्हा नसतो हे मला विहारात बसून कधीच कळले होते. डोक्याला कळले होते, पायांना कळले नव्हते. आणि आता मी तोच गिऱ्हा, नाव बदलून, नातीच्या पिंपात घातला होता.

त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या ताईंकडे गेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. म्हणाल्या, "आजी, आधी आंघोळीचा विषय सोडा. फडक्याने पुसताय ना? तेवढं पुरे. रोज थोडा वेळ पाण्याशी खेळू द्या. तिला पाण्यात घालू नका, तिची ती येईल. आणि घाई करू नका."

मग सुरू झाला आमचा उद्योग. घरातली मोठी परात काढली. पहिले दोन दिवस ती कोरडीच ठेवली. त्यात दोन वाट्या, एक चमचा, एक फुलपात्र. ती वाजवत बसली. तिसऱ्या दिवशी मी परातीत अर्धा पेला कोमट पाणी घातले. ती लगेच माझ्या मागे लपली. मी काही बोलले नाही, नुसते वाट्या विसळत बसले. बऱ्याच वेळाने माझ्या पदराआडून एक हात पुढे आला. तिने एक बोट पाण्याला लावले आणि झटकन काढून घेतले. पण गंमत पाहा, तिने पाण्याकडे पाहिलेच नाही. तिने माझ्या तोंडाकडे पाहिले. आजी घाबरली की हसली, हे ती बघत होती. मी हसले. तिने पुन्हा बोट लावले.

लहान मुले नव्या गोष्टीला हात लावताना आपला चेहरा वाचतात, असे ताई म्हणाल्या होत्या. ते मी डोळ्यांनी पाहिले. तेव्हापासून तिच्यासमोर "अगं बाई!", "पडली, पडली!" असे ओरडायचे मी सोडले. जवळ बसायचे, हात तयार ठेवायचे, पण तोंडावर भीती आणायची नाही. हे बोलायला सोपे आहे, करायला कठीण.

आठ दिवसांत ती तळहाताने छपछप करू लागली. एकदा तिनेच उडवलेले पाणी तिच्या डोळ्यांत गेले. ओठ बाहेर आले, आता रडणार असे वाटले. मी गप्प बसले. तिने डोळे पुसले, परातीकडे पाहिले आणि आणखी जोरात हात मारला. दुसऱ्याने टाकलेल्या पाण्याला ती भ्यायली होती, आपण उडवलेल्या पाण्याला भ्याली नाही. एवढी साधी गोष्ट मला या वयात कळली.

मग ओतण्याचे वेड लागले. या वाटीतून त्या वाटीत, त्या वाटीतून फुलपात्रात. निम्मे बाहेर सांडायचे. हाताचे मनगट वळवायला तिला दोन आठवडे लागले. मुलाने एका प्लॅस्टिकच्या डब्याला दाभणाने भोके पाडून दिली. त्यातून धारा पडू लागल्या तर ती एकेक धार मुठीत धरायची. मूठ उघडून बघायची, आत काहीच नाही. पुन्हा धरायची. अर्धा अर्धा तास हाच खेळ. एवढा वेळ ती दुसऱ्या कशातही रमत नव्हती.

जानेवारीत आम्ही कपडे भिजवायचा टब काढला. चार बोटेसुद्धा नाही, जेमतेम दोन बोटे कोमट पाणी. ती कपड्यांसकट आत जाऊन बसली! आपल्या रबरी बाहुलीला तिने बरोबर घेतले आणि तिच्या डोक्यावर वाटी ओतून म्हणाली, "झालं, झालं." आंघोळ घालताना मी तिला जे म्हणायची तेच. मला हसू आले आणि डोळ्यांत पाणीही आले.

त्यानंतर आंघोळ जमू लागली. पायांवर तिने स्वतः ओतायचे, पाठीवर मी, आणि डोके सगळ्यांत शेवटी. डोक्यावर ओतताना एक हात कपाळावर आडवा धरायचा, पाणी मागच्या बाजूने सोडायचे. "वर बघ, दिवा कुठाय?" म्हटले की ती मान वर करते, आणि पाणी तोंडावर न येता मागे जाते. आणि नळाच्या घाईत आंघोळ घालायची नाही, हा नियम केला. आधी पिंपे भरायची, मग आंघोळ. हंडा भरून वाहिला तर वाहू दे.

चाळीतल्या एकदोघी बोलल्या, "इथे प्यायला पाणी पुरत नाही आणि ही पोरीला पाणी खेळायला देते." त्यांचे चूक नव्हते. म्हणून सांगते, तिच्या खेळाला अर्ध्या बादलीच्या वर पाणी कधी लागले नाही. तेही वाया गेले नाही. त्याच पाण्याने फरशी पुसली, उरले ते कोरफडीच्या कुंडीत किंवा संडासात. दुसऱ्या म्हणायच्या, सर्दी होईल. सर्दी पाण्याने होत नाही, ती माणसाकडून माणसाला होणारी लागण आहे. पण लहान मुलाचे अंग ओले राहिले तर लवकर गार पडते, हे खरे. म्हणून खेळ संपला की लगेच कोरडे करायचे, कोरडे कपडे घालायचे. ओठ निळसर दिसले किंवा अंग कापू लागले तर खेळ तिथेच थांबवायचा.

आता आयाबहिणींनो, एक गोष्ट नीट ऐका. भीती काढली म्हणजे धोका गेला असे नाही. उलट न भिणारे मूल पाण्याकडे जास्त धावते. या वयात मुलाचे डोके अंगाच्या मानाने जड असते. बादलीत वाकले आणि तोल गेला तर ते डोक्यावर आत पडते, आणि स्वतःला वर उचलायची ताकद त्याच्या हातांत नसते. त्याला बुडायला विहीर लागत नाही, बादलीतले वीतभर पाणीही पुरते. आणि ते आरडाओरडा करत नाही. बाजूच्या खोलीत आपल्याला आवाजसुद्धा येत नाही. म्हणून खेळताना मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर बसायचे. दार वाजले, फोन वाजला, दूध उतू गेले, तर मुलाला उचलून घेऊन जायचे. "मोठ्या भावंडाला बसवले आहे" हेही चालणार नाही. खेळ झाला की परात पालथी, टब पालथा, बादली पालथी. आणि पिंपाला घट्ट झाकण. आमच्या एका पिंपाचे झाकण फुटले होते, वर नुसती फळी असायची. मुलाने नवे झाकण आणले, वर दगड ठेवला. त्याने डासांचाही बंदोबस्त झाला.

तेव्हा माझ्या लक्षात आले, की हे झाकण मी आधीच आणले असते तर बाऊची गरजच नव्हती. पोरीला भीती घालण्यापेक्षा पिंपाला झाकण घालावे. भीती फुकट मिळते म्हणून आपण ती घालतो.

मार्च २०२५ मध्ये आम्ही माहेरी गेलो. वीस मार्चला महाडला जायचे होते. छकुली तेव्हा सतरा महिन्यांची. मुलाच्या खांद्यावर बसून तिने चवदार तळे पाहिले. एवढे पाणी तिने कधी पाहिले नव्हते. दोन्ही हात पसरून ओरडली, "पापा!" पाण्याला ती तेव्हा पापा म्हणायची. आजूबाजूची माणसे हसली.

मी तिथे उभी राहून वेगळ्याच विचारात होते. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत शाळेतल्या पाण्याविषयी लिहिले आहे. नळाला त्यांनी हात लावायचा नाही, शिपायाने नळ सोडला तरच प्यायचे. शिपाई नसेल त्या दिवशी तहान तशीच. तेच बाळ मोठे झाले, आणि २० मार्च १९२७ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, हजारो लोकांना घेऊन या तळ्यावर आले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्या दिवशी आपल्या लोकांना मार खावा लागला. तळे बाटले म्हणून शेणगोमूत्र घालून ते शुद्ध करण्यात आले. कोर्टातला निकाल लागायला मार्च १९३७ उजाडले. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे! हे सगळे आम्ही सभांमध्ये ऐकलेले. पण त्या दिवशी मला वाटले, बाबासाहेबांनी तळ्याला हात लावला, आणि मी त्याच तालुक्यातली, अजून माझ्या गावच्या नदीत पाय घातलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी भावाला म्हटले, मला वरच्या डोहाकडे यायचे आहे. तो म्हणाला, "अगं आता तिथं काय आहे? दोन्ही वाड्यांना नळ आलेत. कोणी पाण्याला जात नाही." तरी आम्ही गेलो. मार्चमधले पाणी, डोह आटत आलेला, कडेला घोट्याइतके. खाली गोटे स्वच्छ दिसत होते. पलीकडे गावातली एक म्हातारी गोधडी धूत होती. तिने आमच्याकडे पाहिले. माझे पाय जागीच थांबले. पंचावन्न वर्षे झाली होती, पण पाय थांबले.

छकुलीने माझे बोट ओढले. तिला कशाचेच काही नव्हते. ती एक पाऊल टाकून पाण्यात उभी राहिली आणि मागे वळून माझ्या तोंडाकडे पाहिले. परातीपाशी पाहिले होते तसेच. आता मी काय चेहरा करते यावर सगळे होते. मी साडी वर खोचली आणि पाय पाण्यात घातला.

पलीकडून म्हातारी ओरडली, "त्या दगडावर नको ग, शेवाळ हाय. पोर पडंल."

मी म्हटले, "होय हो."

एवढेच बोलणे झाले. मी पोरीला घेऊन गोट्यांवर खाली बसले. साडी कमरेपर्यंत भिजली. मासोळ्या पायाला टोचू लागल्या, तशा १९७० साली टोचल्या होत्या. छकुली माझ्या मांडीत बसून पाण्यावर हात मारत होती आणि मी तिला घट्ट धरले होते. मुलगा काठावर उभा राहून बघत होता. म्हणाला, "आई, तू पाण्यात?" मग तोही पॅण्ट दुमडून आत आला.

आईची फार आठवण आली. तिच्यावर राग नाही. तिच्याजवळ झाकण नव्हते, बिचारीजवळ फक्त गिऱ्हा होता.

छकुली मोठी झाली की तिला पोहायला शिकवायचे, असे मुलाने आणि सूनबाईने ठरवले आहे. नीट शिकवणाऱ्याकडून, उथळ पाण्यापासून. मुलगा म्हणतो, तिच्याबरोबर मीही शिकेन. नदी, तलाव, समुद्र यांच्या वाटेला नुसत्या हिमतीवर जायचे नाही, हेही तिला सांगू. खोल पाणी खोल आहे असे सांगू. त्यात कोणी बसले आहे असे सांगणार नाही.

त्या वर्षीच्या जूनमधली गोष्ट. सकाळी छकुली पाटावर उभी होती. मी फुलपात्र भरून तिच्या पायांवर ओतायला दिले. तिने ते पायांवर ओतले नाही. दोन्ही हातांनी धरले, मान वर केली, दिव्याकडे पाहिले आणि सगळे पाणी स्वतःच्या डोक्यावर ओतले. थोडे तोंडावर आले. तिने फुर्रकन उडवले, डोळे उघडले आणि हसली. मग फुलपात्र पुन्हा बादलीत बुडवून माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "आज्जी, वर बघ."

मी वर बघितले.